टॅब की ई-रीडर? भिशीत विचारा!

दूध-भाजीच्या पिशव्या आपण कुठं मुद्दाम जमवतो? तरी दारामागची पिशव्यांची पिशवी फुगत जातेच. आमच्या पुस्तक-भिशीतल्या किश्श्यांचं तसंच झालंय. भिंगारमधल्या आमच्या कॉलनीत आम्ही पाच-सहा जणी दर महिन्याला एकीच्या घरी जमतो, चिठ्ठी काढतो, आणि जिची चिठ्ठी निघेल तिला सगळ्यांकडून एक पुस्तक. पुस्तकं किती वाचली जातात ते विचारू नका. किस्से मात्र भरपूर!

यंदा कपाटं भरली आणि सगळ्यांनाच डिजिटल व्हायची हुक्की आली. टॅब की ई-रीडर? बाकीच्यांची हौस होती. मला टेन्शन होतं. माझी रेवा पाच वर्षांची. मोबाईल समोर असल्याशिवाय घास गिळत नाही. ही पोरगी कधी पुस्तक हातात धरेल का, हा विचार मी भाजी निवडताना करते, स्कूटी चालवताना करते आणि पालकसभेत तर करतेच करते.

*

पहिला टॅब घेतला अश्विनीनं. 'फक्त वाचनासाठी' असं घरात बजावून!

आठवड्याभरात त्यावर सकाळी सासऱ्यांचं शिर्डीचं लाइव्ह दर्शन, दुपारी मुलाची कार्टून, संध्याकाळी नवऱ्याची क्रिकेट मॅच. एकदा हिनं हळूच पुस्तक उघडायला टॅब उचलला, तर सासरे हात जोडलेल्या अवस्थेतच ओरडले, "अगं, आरती चालू आहे! खाली ठेव!"

पुढच्या भिशीत आम्ही विचारलं, "मग वाचन बंदच ना?"

"छे गं! टॅब रिकामा व्हायची वाट बघत बसते ना, तेव्हा कपाटातलं काहीतरी काढून वाचते. तीन कादंबऱ्या झाल्या. टॅबमुळे वाचन वाढलं बाई!"

*

हे ऐकून मी ई-रीडर बघायला सावेडीतल्या एका दुकानात गेले. दुकानदारानं आधी टॅबच पुढं केला. "व्हिडिओ, गेम, मुलांचे क्लास, सगळं आहे, मॅडम."

"मला ई-रीडर दाखवा."

"त्यात काहीच चालत नाही. व्हिडिओ नाही, गेम नाही, कलरसुद्धा नाही."

"तेच हवंय मला. काहीच चालायला नको."

त्यानं माझ्याकडं निरखून पाहिलं आणि अगदी काळजीनं विचारलं, "मॅडम, मग एक बिघडलेला टॅब पडलाय. तो देऊ का स्वस्तात?"

*

शेवटी ई-रीडर ऑनलाइन मागवला. त्याच आठवड्यात काष्टीहून सासूबाई आल्या. उलटा-सुलटा करून बघितला.

"ह्यात गानं न्हाई?"

"नाही, आई."

"फोनबी लागत न्हाई? मंग घेतला कशापायी?"

"डोळ्यांना त्रास होत नाही, आई."

"व्हय का? आपल्या बंद टीव्हीनं तरी कुठं व्हतो!"

*

माझं बघून मनीषाताईंनीही ई-रीडर घेतला. ताई दर दसऱ्याला घरातल्या प्रत्येक यंत्राची पूजा करतात. स्कूटी, मिक्सर, शिलाई मशीन... त्याच ओळीत ई-रीडर! बरं, कुंकवाचं बोट कडेला लावावं की नाही? ह्यांनी भर स्क्रीनवर हळद-कुंकू वाहिलं. वर पाण्याचा थेंब.

कुंकू निघालं. हळद त्या खरखरीत काचेत मुरली ती मुरलीच. आम्ही सगळ्या हळहळत होतो, पण मनीषाताई निवांत. "माझं साधं मॉडेल होतं. आता पिवळसर उजेड पडतो. ह्यालाच वॉर्म लाइट म्हणतात ना? कंपनी जादा पैसे घेते ह्याचे!"

*

एका व्हिडिओत एक बालमानसतज्ज्ञ म्हणाल्या, मुलं आपलं ऐकत नाहीत, आपल्याला बघतात. झालं! मी रोज दुपारी चारला ई-रीडर घेऊन झोपाळ्यावर बसायला लागले. रेवा बघतीये ना, हे बघायला अधूनमधून मान वर. ती बघत असेल तर लगेच चेहरा तल्लीन!

भिशीत मी जरा तोऱ्यातच सांगितलं, "महिना झाला, अजून बॅटरी संपली नाही. काय टिकते हो!"

आमच्यातल्या जोशीकाकू निवृत्त शिक्षिका. चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाल्या, "टिकणारच. माझ्या लग्नातला डिनर सेट अजून नवाकोरा आहे."

*

परवा भिशी माझ्याकडं होती. मी पोहे परतत होते. अश्विनी धावत स्वयंपाकघरात आली आणि कुजबुजली, "गॅस बंद कर. बाहेर चल. आवाज करू नकोस."

बाहेर झोपाळ्यावर रेवा! मांडी घालून, हातात कपाटातलं जाडजूड पुस्तक. मोबाईल शेजारीच पडलेला, तिचं लक्षही नाही. पाठ ताठ, भुवया किंचित वर, चेहरा गंभीर. मनीषाताईंनी व्हिडिओ काढायला घेतला. अश्विनीनं माझा हात दाबला. माझ्या तर डोळ्यांत पाणीच आलं. केलेलं सगळं फळाला आलं होतं!

रेवानं मान वर केली, आमच्याकडं पाहिलं आणि झटकन पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. थोड्या वेळानं पुन्हा मान वर. पुन्हा खाली.

जोशीकाकू पुढं झाल्या. जमेल तितक्या प्रेमानं विचारलं, "काय वाचतेस गं बाळा?"

"वाचत नाहीये, आजी."

"मग?"

"तुम्ही सगळ्या बघताय ना, ते बघतीये," रेवा म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "आई, बरोबर करतीये ना मी?"