बरखास्तीचा पुकारा

राणीसावरगावच्या बाजारात मापाडी तसे दोन-तीन होते, पण ज्वारी घेऊन आलेला माणूस गाडीवरनंच विचारायचा, "रामलिंगअप्पा हाय का?" कारण रामलिंगअप्पाचा गळा. ढिगापाशी उकिडवा बसून तो लोखंडी काठाची पायली भरायचा, तळहातानं वरचं धान्य सारखं करायचा आणि पोत्यात ओतता ओतता गायचा, "लाभ! लाभ हाय लाभ! दोन! दोन हाय दोन!" पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही तिथली रीत. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग आणि आवाज असा की बाजारात येणाऱ्याला वेशीबाहेरच कळावं कितवी पायली चालू आहे. त्याची बायको मल्लम्मा म्हणायची, "घरात पानीबी असंच मागतेत. मी उठेपतूर शेजारीनच तांब्या घेऊन येती."

धंद्याचा कायदा एकच. बोललेलं माप खरं. पोत्यात पडलं पण तोंडातनं निघालं नाही ते माप मुकं, आणि मुक्या मापाला हिशेब नाही. वाद झाला की भोवतालची माणसं एवढंच विचारत, "पुकारलं का?" पुकारलं असेल तर झालं. नसेल तर झालंच नाही. हा कायदा बाजारापुरता ठीक होता. रामलिंगअप्पानं तो साऱ्या जगाला लावला, आणि तिथंच त्याचं घोडं पेंड खाऊ लागलं.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. एका बाजाराला जवळच्या वाडीचा आश्रुबा ज्वारी घेऊन आला होता. थोडी जमीन, मोठं मुंडासं आणि जिभेला हाड नाही, असा गडी. चार पायल्या झाल्या. पाचवी ओतताना वाटेनं जाणारा कुणी जंगम म्हणाला, "शरणार्थ, अप्पा." रामलिंगअप्पानं मान लववून "शरणार्थ" केलं, हात आपल्या सवयीनं चालूच राहिला, आणि मग तो ओरडला, "पाच! पाच हाय पाच!"

"पाच न्हवं, सा," आश्रुबा म्हणाला. "एक मुकी गेली."

"पाच."

"सा हाय ओ. तुमी शरणार्थ करायलाव, पायली पोत्यात चाललीया."

"माझ्या हातावर इस्वास न्हाई तुजा?"

"हातावर हाय की. गळ्यावर न्हाई." आश्रुबा भोवतालच्यांकडं बघून डोळा मारत म्हणाला, "गळा थोर हाय आप्पाचा. पन त्यात माझी अक्खी पायली मावली कशी, ते बगायचंय."

बाजार हसला. हसण्यात तसं काही नव्हतं, आश्रुबाच्या बोलण्यावर बाजार नेहमीच हसायचा. पण रामलिंगअप्पाच्या बापानं त्याच जागी मापं घातली होती, आणि मापाड्याला कुणी चोर म्हणून हसलेलं त्यानं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. हातातली पायली उठली. लोखंडी काठ आश्रुबाच्या कानाच्या वर, मुंडाशाच्या खालच्या वेढ्यात बसला. आश्रुबा ज्वारीच्या ढिगावर खाली बसला, जसा दमलेला माणूस बसतो. डोक्याला हात लावला. मग भांडण मिटवावं तशा आवाजात म्हणाला, "पाच."

त्यानंतर तो दुसरं काही बोललाच नाही.

जखम भरली. बोलणं आलं नाही. भूक लागली तरी पाच, पोरानं हाक मारली तरी पाच. वर थोडंसं हसायचा, आणि काही विचारलं की मान डोलवायचा.

फौजदारी झाली, खटला तालुक्याला उभा राहिला. रामलिंगअप्पानं बन्सीधर वकील धरले. हे वकील पान लावत लावत कायदा सांगत, त्यामुळं कायद्याला नेहमी थोडा चुना जास्त लागायचा.

"अप्पा, भांडत बसलास तर डॉक्टर येईल, साक्षी येतील. मार 'शदीद', म्हणजे जबर, ठरला की परभणीच्या जेलात दोन वर्षं चक्की. त्यापेक्षा इकबाल कर, गुन्हा कबूल कर. थप्पड मारली म्हण."

"पन थप्पड न्हवती ना, वकीलसाब."

"मारलंस ते हातानं का पायानं?"

"हातानं."

"मग झालं तर. हातात काय होतं ते मुन्सफसाहेबांनी विचारलं तर सांग. विचारायचे नाहीत. मी बोललोय."

तिकडं वाडीच्या जाणत्यांनाही त्यांनी गाठलं. ऐन पेरणीत तारखेला खेपा कोण घालणार, माणूस काही मेला तर नाही, एकाच बाजारचे आपण, उद्या मापं कोण घालणार. जाणत्यांना पटलं. माफीच्या कागदावर आश्रुबाचा अंगठा उठला. कागदात थप्पड लिहिली होती. अंगठ्याला काय, तो शाई बघतो, थप्पड का पायली ते बघत नाही.

तारखेला आश्रुबा कानावर मुंडासं ओढून उभा राहिला. मुन्सफसाहेबांनी माफी कबूल का म्हणून विचारलं. आश्रुबानं मान डोलवली. रामलिंगअप्पाला विचारलं. बाजारात वेशीपर्यंत पोचणारा गळा तिथं उंबऱ्यापर्यंतही पोचला नाही. "थप्पड मारली, हुजूर." मग उर्दूत काहीतरी लांबलचक झालं. बन्सीधर कानाशी लागले, "सुटलास. अदालत उठेपर्यंत त्या कोपऱ्यात बसायचं, एवढीच सजा. संध्याकाळी चपराशी पुकारतो, 'अदालत बरखास्त!' ते ऐकलं की घरी जा."

पुकाऱ्यानं सुरू, पुकाऱ्यानं संपलं. रामलिंगअप्पाला ही सजा ओळखीची वाटली. तो कोपऱ्यात उकिडवा बसला आणि वाट बघू लागला.

दुपारी मुन्सफसाहेबांच्या पोटात कळ आली. येतोच म्हणून ते मागच्या दारानं बंगल्यावर गेले, ते आलेच नाहीत. कारकुनांनी बस्ते बांधले. दिवेलागणीला दस्तगीर चपराशी कुलूप घेऊन आला, तर कोपऱ्यात माणूस.

"अरे! तुम अब्बी हियाँ? उठो अप्पा, ताला डालना है."

"पुकारा न्हाई झाला."

"साहब के पेट ने पुकारा, साहब चले गये. अब मैं किसको पुकारूँ, कुर्सी को? उठो, उठो."

रामलिंगअप्पा उठला. दाराला कुलूप लागलं. पण 'उठो' म्हणजे 'बरखास्त' नव्हे. घरी मल्लम्मानं ताट वाढलं, तर तो भाकरीकडं बघत म्हणाला, "मी अजून तितंच हाय."

"कुटं?"

"अदालतीत. माझं माप मुकं ऱ्हायलं, मल्लम्मा."

तिला आधी हसू आलं. चार-आठ दिवसांनी येईनासं झालं. तिन्हीसांज झाली की हा माणूस हातातलं काम टाकून भिंतीच्या कोपऱ्यात बसायचा, कान दाराकडं लावून. कुणी गुराला हाक मारली तरी दचकायचा. अंधार पडला की उठून लिंगपूजेला बसायचा, आणि पूजेत मन लागेना म्हणून पुन्हा कोपऱ्यात.

आणि बाजाराच्या दिवशी आश्रुबा. त्याची बायको धुरपताबाई भाजीची पाटी घेऊन यायची आणि नवऱ्याला ज्वारीच्या ढिगासमोर बसवून जायची. घरी एकटं ठेवायची सोय नव्हती, आणि बसवायचं तर ओळखीच्या जागी, एवढंच तिचं म्हणणं. आश्रुबाच्या मनात राग नव्हता. रामलिंगअप्पाला बघून तो हसायचा, जुना दोस्त भेटावा तसा. लाभ, दोन, तीन, चार तो निमूट ऐकायचा. पाच झालं की म्हणायचा, "पाच." सहा झालं तरी पाच. सात झालं तरी पाच. पहिल्या बाजाराला लोक हसले. दुसऱ्या बाजाराला कुणी हसलं नाही. रामलिंगअप्पाचा गळा मात्र पाचाच्या पुढं चिरकायला लागला, आणि गिऱ्हाईक हळूहळू दुसऱ्या मापाड्यांकडं वळलं.

पुढं कितीक वर्षं अधूनमधून तो तालुक्याला जाऊन त्याच कोपऱ्यात बसायचा. दस्तगीर म्हणायचा, "आ गये हमारे पुराने मुजरिम!" संध्याकाळी दस्तगीर दारात उभा राहून ठसक्यात पुकारायचा, "अदालत बरखास्त!"

"सुन लिया? जाओ अब."

"ही आजची झाली," रामलिंगअप्पा म्हणायचा. "माझी त्या दिशीची हाय. दुसऱ्याच्या पोत्यातली मापं माझ्या पोत्यात कशी मोजायची?"

दस्तगीर कुलूप लावता लावता मनात म्हणायचा, हा माणूस खुळा म्हणावा, तर खुळ्याचा हिशेब इतका चोख नसतो.

मग ते वर्ष आलं ज्यात बाजारच नीट भरेना. रात्री गावं जागी, दिवसा दारं बंद. रझाकार आले, रझाकार गेले अशा बातम्या. मग फौजा आल्या आणि निजामाचं राज्य गेलं. कचेरीवरचं निशाण बदललं, साहेब बदलले, दस्तगीरचा पितळी बिल्ल्याचा पट्टा जमा झाला. तो कचेरीसमोरच्या चिंचेखाली विड्या वळत बसू लागला. रामलिंगअप्पा तिथं जाऊन त्याच्यापुढं बसला.

"दस्तगीरभाई, आता कसं व्हायचं? जिनं मला बसविलं ती अदालतच उटून गेली. पुकारा न्हाई, काई न्हाई."

दस्तगीरनं विडीचा दोरा दातानं तोडला. "राज चला गया, अप्पा. उसका भी किसी ने पुकारा नहीं किया." मग काय वाटलं कुणास ठाऊक, उठला, लुंगी झटकली, नसलेला पट्टा छातीवर सारखा केला आणि बंद दारासमोर उभा राहून पुकारलं, "त्या दिवसाची, मुन्सफसाब के उस रोज की, अदालत बरखास्त!"

चिंचेवरचे कावळे उडाले. दस्तगीरचे डोळे भरले होते, रामलिंगअप्पासाठी की पट्ट्यासाठी, ते त्यालाच ठाऊक.

"जाओ. थप्पड की सजा पूरी हुई."

रामलिंगअप्पानं हात जोडले. चालू लागला. अंग हलकं व्हायला हवं होतं. वळणापर्यंत गेला आणि थांबला. इतकी वर्षं तो या पुकाऱ्यामागं लपला होता, आता पुकारा झाला आणि आडोसा गेला. तो परत चिंचेखाली आला.

"थपडेची झाली, दस्तगीरभाई. पायलीची?"

दस्तगीर विडी पेटवायची विसरला. "उसका मुकदमा कब चला, अप्पा?"

पुढच्या बाजाराला रामलिंगअप्पा ढिगासमोर बसला. समोर आश्रुबा, केस पांढरे, हसू तेच. पलीकडं मेथीच्या जुड्या लावत धुरपताबाई. लाभ, दोन, तीन, चार. पाचवी पायली त्यानं भरली, ओतली नाही. जमिनीवर ठेवली आणि जुन्या, वेशीपर्यंतच्या आवाजात ओरडला, "पायलीनं मारलं म्या ह्याला! थप्पड न्हवती. पायली व्हती, हीच. आन् त्यो खरं बोलत व्हता. एक मुकी गेली असंल. मला ठावं न्हाई, म्या मोजलीच न्हवती."

धुरपताबाईनं जुडी खाली ठेवली.

"मला कशापायी सांगताव, आप्पा? मी तितंच व्हते त्या दिशी, ज्वारीच्या गाडीपाशी. डोळ्यानं बगितलंय म्या."

"मग अदालतीत बोलली का न्हाईस?"

"दिवसभर कचेरीभाईर लिंबाखाली बसून व्हते की. तुमाला पुकारलं, ह्यांना पुकारलं. माझ्या नावाचा पुकाराच झाला न्हाई."

रामलिंगअप्पाला कळलं, आपण आत बसून ज्याची वाट बघत होतो, त्याचीच वाट बघत ही बाहेर बसली होती. तो उठला. दस्तगीर दारात उभा राहायचा तसा उभा राहिला. त्यानं पुकारलं, "धुरपताबाई, आश्रुबाची बायको! हाजिर हाय?"

कुणीतरी हसेल असं वाटलं होतं. कुणी हसलं नाही.

"हाजिर हाय," धुरपताबाई म्हणाली, आणि पदर खोचून सांगू लागली. पायली कशी उठली. काठ कुठं बसला. त्या रात्री ह्यांच्या कानातनं काय आलं. अंगठा उठवताना जाणत्यांनी हात कसा धरला. पोराच्या लग्नात ह्यांनी अक्षता टाकताना काय म्हटलं. ती रडली नाही, थांबलीही नाही. मापं मोजावीत तसं एकेक सांगत गेली, मुकं काही ठेवलं नाही. रामलिंगअप्पा मान खाली घालून उभा राहिला. मधे त्याला कुणी बस म्हणालं, तो बसला नाही.

सांगून झालं तेव्हा उन्हं कलली होती. गाड्या जुंपल्या गेल्या, पालं उतरली, माणसं पांगली. धुरपताबाईनं पाटी डोक्यावर घेतली आणि नवऱ्याचा हात धरला. "चला," ती त्याला म्हणाली. रामलिंगअप्पाला तिनं माफ केलं नाही, जा म्हणाली नाही.

मोकळ्या बाजारात तो आणि ती भरलेली पायली, दोघंच राहिली. मल्लम्मा बोलवायला आली तेव्हा वाटेवरनं लांबून, अंधारात, वाडीकडं जाणाऱ्या माणसाचा आवाज आला, भांडण मिटवावं तसा.

"पाच."

रामलिंगअप्पानं पायलीकडं बोट केलं. "हिचा पुकारा न्हाई झाला, ही मोजायची ऱ्हायली," तो बायकोला म्हणाला, आणि तिथंच उभा राहिला.