तळाची ओळ

परवा रक्ततपासणीचा रिपोर्ट हातात आला आणि माझी नजर साखरेच्या आकड्याआधी तळाच्या बारीक ओळीवर गेली. ज्या सॉफ्टवेअरनं रिपोर्ट काढला, त्याची आवृत्ती तिथं छापलेली असते. ती ओळ सहसा कुणी वाचत नाही.

आम्ही लॅबसाठी असंच सॉफ्टवेअर बनवायचो. दिवसभरातले बदल घेऊन नवा प्रोग्रॅम रोज संध्याकाळी आपोआप तयार व्हायचा, पण आवृत्तीचा आकडा हातानं बदलावा लागे. ते काम माझ्या हाताखालच्या नंदाकडे होतं. ती म्हणाली होती, "सर, आकडाही आपोआपच वाढू दे. माणूस विसरतो." मी म्हणालो, "आकडा कोण बघतंय? आधी बाकीचं संपव."

पुढं साखर मोजण्यातली एक चूक आम्ही दुरुस्त केली आणि आकडा बदलायचा राहिला; जुन्यावर आणि नव्यावर एकच, चार पॉइंट दोन. एका लॅबमधून फोन आला, "आमच्याकडे चार पॉइंट दोन दिसतंय. हे दुरुस्त केलेलंच ना?" मीच सांगितलं, "मग नवंच आहे, निर्धास्त राहा."

त्यांच्याकडे जुनंच होतं. चुकीच्या रिपोर्टवरून एका बाईंचं इन्सुलिन वाढवलं गेलं, त्या स्वयंपाकघरातच बेशुद्ध पडल्या. थोडक्यात वाचल्या. वस्तू बदलते आणि नाव तेच राहतं, तेव्हा कुणी खोटं बोलत नाही, तरी माणूस फसतो.

बैठकीत साहेबांनी विचारलं, "आकडा बदलणं कुणाचं काम?" सगळ्यांनी नंदाकडे पाहिलं. मीही पाहिलं. तिनं त्याच आठवड्यात राजीनामा दिला.

तिनं सुचवलेलं काम मग मी अर्ध्या तासात केलं. साहेबांनी सर्वांसमोर माझं कौतुक केलं आणि मी हसून आभार मानले.