मायनं बाटवलेला माठ

आमच्या मायनं एक माठ बाटवला होता. कौंडण्यपूरच्या बाजूला, वर्धेकाठच्या एका टेकाडावर, एकसष्ट-बासष्टच्या उन्हाळ्यात... आज नातीनं शाळेतून येऊन विचारलं, "आजी, नवबौद्ध म्हणजे काय गं?" म्हणून सांगतेच.

टेकाडावर जुन्या गावाच्या शोधात सरकारी खोदकाम चाललं होतं. माय मातीची टोपली वाहायची, मी निघालेली खापरं धुवायची. धुतलेल्या खापरांवर खोदकामाचे साहेब काळ्या शाईनं नंबर टाकायचे.

पिण्याचे माठ दोन. सगळ्यांचा चिंचेच्या सावलीत, आमचा उन्हात... बौद्ध होऊन आम्हाला काही वर्षं झाली होती, तरी मुकादम आम्हाला 'नवे' म्हणायचा आणि म्हणताना हसायचा. त्या हसण्याची मला भारी चीड यायची.

एके दुपारी खड्ड्यात जुनं घर लागलं. साहेब खुशीत येऊन सांगू लागले... इथं मोठी बाजारपेठ होती, समुद्रापलीकडचा माल यायचा. एकाच घरात परदेशी दारूच्या घड्याचे तुकडे निघाले, आपली गावठी खापरं निघाली आणि एका तुकड्यावर तर स्तूप कोरलेला.

मायनं टोपली खाली ठेवली. "म्हंजे साहेब, बुद्धाचे लोकं येथी पयलेपासूनच होते?"

"दोन हजार वर्षांपासून," साहेब म्हणाले.

"आन् सगळ्यायचे गाडगे एकाच घरात. मंग आमचाच माठ काहून अलग?"

साहेब चष्मा पुसू लागले. माय उत्तरासाठी थांबलीच नाही... सरळ चिंचेखाली गेली, माठात गडवा बुडवला आणि घटाघटा प्याली. उद्यापासून काम जाणार हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मुकादम शिव्या देत धावला. रागाच्या भरात त्यानं तो माठ उचलला आणि दगडावर आपटून फोडला.

आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं... आता प्यायला उरला तो उन्हातला, आमचाच. नदी होती, पण वैशाखात टेकाड उतरून जातंय कोण?

मग कुणब्यांची रुखमाबाई उठली. "सरक वं बाई, तहान लागली मले," असं मायला म्हणाली आणि आमच्या माठातून प्याली. तिच्यामागं एकेक जण आलं. सगळ्यात शेवटी मुकादम... आमच्याकडं पाठ करून प्याला.

दुसऱ्या दिवशी मायला कामावरून काढलंच. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

पण माठ फुटला त्याच संध्याकाळी मी त्याचा एक तुकडा धुऊन जुन्या खापरांत ठेवून दिला होता. साहेबांनी तो उचलला, उलटसुलट पाहिला, माझ्याकडं पाहिलं... आणि त्यावर नंबर टाकला.

नातीला म्हटलं, पोरी, नवा असेल तर तो मुकादम. मायनं बाटवलेलं खापर त्या दोन हजार वर्षांच्या खापरांसोबत सरकारी गोदामात आहे, नंबरासकट.