डब्याच्या तळाची मूठ

सदर भागातल्या त्या दुकानात मी हेल्मेट उलटं धरून उभा होतो आणि हेल्मेटात मूठभर तांदूळ होते. दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. मागे रांगेत कापडी पिशव्या घेतलेली मंडळी माझ्याकडे बघत होती. असा संताप आला होता की वाटलं, डबा इथेच आपटावा आणि कोपऱ्यावरून प्लास्टिकची थैली उचलून सरळ घर गाठावं.

दुकानाची पद्धत सोपी होती. आपला डबा आपण न्यायचा, दुकानवाल्या बाई आधी रिकाम्या डब्याचं वजन करायच्या आणि मग पिंपातून तांदूळ, डाळ, भांडी घासायचा साबण, जे हवं ते त्यात भरून द्यायच्या. पाकीट नाही, थैली नाही. अट एकच, डबा कोरडा, स्वच्छ आणि रिकामा हवा.

आणि आमच्या घरचा तांदळाचा डबा कधी रिकामा होत नसे. तो माझ्या बायकोचा नियम. डबा कितीही खाली गेला तरी तळाशी मूठभर तांदूळ राहिलेच पाहिजेत आणि नवे तांदूळ त्यांच्यावरच पडले पाहिजेत. तिच्या माहेरी असंच होतं, आमच्या लग्नानंतर आमच्याकडेही असंच झालं. रिकामा डबा तिच्या लेखी घराला अशुभ.

मला या भानगडीत पडायचं काही कारण नव्हतं. ही सगळी हौस सुनेची. ती मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला. लग्न होऊन सक्करदऱ्याला आमच्या घरी आली तेव्हा पडद्यांच्या रंगापासून जेवणाच्या वेळेपर्यंत सगळं आधीच ठरलेलं. तिनं एकच गोष्ट मागितली, स्वयंपाकघरात प्लास्टिकची पाकिटं नकोत. हे दुकानही तिनंच शोधलेलं. इकडे मुलगा अधूनमधून मिहानजवळ भाड्यानं फ्लॅट बघू म्हणायचा. जाण्यायेण्यात जीव जातो, हे त्याचं कारण. खरं कारण काय असेल, हे न कळायला मी काही दुधखुळा नाही. मला पोरं घरात हवी होती. एवढ्यानं ती राहणार असतील तर अर्धं शहर ओलांडून तांदूळ आणायला माझी तयारी होती.

पहिल्या खेपेला बाईंनी झाकण उघडून आत पाहिलं. "काकाजी, यात जुने तांदूळ हायेत. त्यात सोंडे असले तर नवे पण खराब होतीन. रिकामा करून आणा ना." स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये तोच डबा धरून मी भर उन्हात परत आलो.

"मूठभर वाटीत काढून ठेवत जा वं," मी बायकोला म्हटलं.

"वाटी म्हणजे डबा होय का? डबा रिकामा घराबाहेर जात नसते."

"अवं, ते लोक भरून देऊन नाही राहिले!"

"काहून नाही देत? त्याईले धंदा करायचा नाही का?"

सुनेला सांगावं तर ती म्हणाली, "बाबा, त्यांचं बरोबरच आहे. आईंना तुम्हीच समजावा ना." दोघी एकमेकींशी गोड बोलायच्या आणि जे खरं बोलायचं ते माझ्यामार्फत. मला दोघींचाही राग यायचा, आणि सगळ्यात जास्त त्या दुकानाचा.

म्हणून दुसऱ्या खेपेला हेल्मेट. डबा भरून झाल्यावर ती मूठ रुमालात बांधून खिशात घातली, हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि घरी आल्यावर बायकोची पाठ वळलेली बघून तांदूळ डब्यात वरून टाकून दिले. जुने तांदूळ पिवळसर, नवे पांढरे. तिनं झाकण उघडताच ओळखलं.

"मूठ वर काहून आली?"

तिनं वरची मूठ ताटात काढली, चादर अंथरली, सगळा डबा ओतला, मूठ तळाशी घातली आणि ओंजळीनं डबा पुन्हा भरायला बसली. तेवढ्यात सून कामावरून आली. दारातूनच म्हणाली, "आई, एवढ्याशासाठी?"

"एवढंसंच तर हाये माझं," बायको म्हणाली. "तेवढं तरी राहू दे."

सून खोलीत गेली. पुढल्या वेळी तांदूळ संपत आले तेव्हा बायकोनं कोपऱ्यावरच्या दुकानातून प्लास्टिकची थैली आणली आणि कात्रीनं कापून डब्यात ओतली. सुनेनं ती थैली कचऱ्यातून उचलली, धुतली आणि चिमटा लावून दोरीवर वाळत घातली. दिवसभर ती माझ्या बनियनशेजारी फडफडत होती. दोघींपैकी कोणीही ती काढली नाही. मला दोघींवरही ओरडावंसं वाटलं, पण माझ्या ओरडण्याचंच निमित्त होऊन पोरं निघून जातील या भीतीनं मी गप्प बसलो.

तरी पोरं गेलीच. सामानाचा टेम्पो दारात उभा राहिला, तेव्हा बायको स्वयंपाकघरात गेली आणि डब्यात कोपरापर्यंत हात घालून तळ खरडायला लागली. दाणा न् दाणा तिनं रुमालात बांधला आणि सुनेच्या हातात दिला.

"नव्या घरी डब्यात पयले हे टाकजो, मंग वरून भरजो."

सून रुमाल छातीशी धरून उभी राहिली. मी म्हटलं, "अवं, आपल्यासाठी ठेव ना थोडे."

"आता कोणासाठी?" बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं तो डबा स्वतः घासला, उन्हात पालथा घातला आणि माझ्यापुढे आणून ठेवला. "तिच्याच दुकानातून आणा तांदूळ," म्हणाली. हेच आधी म्हटलं असतं तर! तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं स्कूटर काढली.

बाईंनी डब्यात डोकावून पाहिलं, आतून बोट फिरवलं आणि खूश झाल्या. "वा काकाजी! आज एकदम बराबर डबा आणला. किती भरू?"

नेहमीचं पाच किलो तोंडावर आलं होतं.

"दोन," मी म्हटलं.