सुलटी बाजू वर

शिंप्याने दुकान बंद केलं ते नजर गेली म्हणून नव्हे, गिऱ्हाईक गेलं म्हणून. शेवटची दोन वर्षं नुसते पडदे शिवले. दुकान गेलं, पण कापणीचं टेबल घरी आलं आणि बाहेरच्या खोलीत असं ऐसपैस बसलं की पाहुण्याला भिंत घासत आत यावं लागे. आता त्या टेबलावर, जुन्या चादरीवर, त्याच्या अंगणात बंद पडलेल्या व्हॅनच्या इंजिनाची दोन हेडं पडली होती. लेथवाल्याने घासून सपाट केलेली, नवे व्हॉल्व्ह बसवलेली.

"अंगाई म्हणू का?" बायको म्हणाली.

तिचा भाऊ मेकॅनिक. त्याने आधीच बजावलं होतं, "भावोजी, इंजिन म्हणजे परकर नव्हे. रविवारी न उकळता चालली तर तुमची. नाहीतर दोरी बांधून भंगारात नेतो."

बायकोने मान डोलावली. तिला अंगण परत हवं होतं. शिंप्याला गाडी हवी होती. दुकान गेल्यापासून सकाळी उठून उघडायला त्याच्याकडे तेवढंच एक दार उरलं होतं.

इंजिनाला दोन अंगं, डावं आणि उजवं. प्रत्येक अंगावर हेड झाकणासारखं बसतं आणि मध्ये गॅस्केटचा पातळ पत्रा. त्यात पाणी खेळायला भोकं आणि इंजिनाची पुढची बाजू दाखवणारा छापील बाण. स्पेअरपार्टवाल्या दुकानदाराने दोन दिले. शिंप्याने तीन घेतले. कापडात माया सोडल्याशिवाय त्याने जन्मात कात्री चालवली नव्हती.

काम त्याने देखणं केलं. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, तीन फेऱ्यांत आवळले. पहिली फेरी म्हणजे कच्चा टाका, असं तो व्हॅनलाच समजावत होता. शुक्रवारी गाडी सुरू झाली. दहा मिनिटांत तापमानाचा काटा लाल रेघेवर आणि रेडिएटर किटलीसारखा.

शनिवारी सकाळी त्याने हेडं पुन्हा उतरवली आणि दोन्ही गॅस्केटं बसवली होती तशीच टेबलावर मांडली. बायको भाजी निवडायला जागा शोधत आली.

"या उजवीकडच्याचा बाण मागे का बघतोय?"

"कारखान्यातला माणूसही माणूसच. चुकला असेल छापताना."

"आणि तुम्ही?"

"मी छपाई वर ठेवली. दोन्हीकडे. उलट्या बाजूने कापड लावलंय का मी कधी?"

बायकोने पत्रा उचलला, उताणा होता तो पालथा केला. बाण खालच्या अंगाला गेला, पण टोक पुढे आलं. पाण्याचं मोठं भोक पुढे पडून पाण्याची वाट अडली होती, ते मागे जागेवर गेलं.

"अहो, हे कापड नव्हे, अस्तर आहे," ती म्हणाली. पंचवीस वर्षं तिने त्याच्या कोटांना अस्तरं लावली होती. "आत जाणार. सुलटं कोण बघतंय?"

शिंप्याने पत्रा तिच्या हातातून घेतला, पुन्हा उताणा-पालथा करून पाहिला. मग म्हणाला, "भाजी तिकडे निवड."

एकदा दबलेलं गॅस्केट पुन्हा चालत नाही. डावं त्याने हलवायलाच नको होतं, हे त्याला तेव्हा सुचलं. जास्तीचं एक होतं, ते उजवीकडे गेलं, छपाई खाली. डावीकडच्यासाठी तो दुकानात गेला आणि पुन्हा दोन घेऊन आला.

रविवारी मेहुणा दोरी खांद्यावर टाकूनच आला. गाडी सुरू केली. वीस मिनिटं तो काट्यासमोर बसून राहिला. काटा मध्यावर आला आणि तिथेच थांबला. चहा निवला.

"भावोजी, काटा बिघडला असेल."

"मग हात लाव."

मेहुण्याने पाण्याच्या नळीला हात लावला, रेडिएटरजवळ कान नेला, खाली वाकून बघितलं. कुठे थेंब नाही. "कोणी बसवलं?"

"शिवलं मी," शिंपी म्हणाला. "अस्तर हिचं."

मेहुण्याने दोरी गुंडाळायला घेतली.

"राहू दे ती," बहीण म्हणाली. "अंगण गेलंच आहे. कपडे वाळत घालायला होईल."

तिने दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं व्हॅनच्या आरशाला.