ओळख बरं, मी कोण?

अमेरिकेत, ॲन आर्बरच्या सकाळच्या बसमध्ये तो रोज माझ्या शेजारी बसायचा. हातमोजे दातांनी ओढून काढायची सवय. म्हातारपणी मेंदूच्या पेशी का मरतात, यावर त्याचं आयुष्यभराचं संशोधन.

माझ्या सासूबाई हल्ली माणसं विसरतात, असं मी एकदा बोलून गेले आणि त्याचं लेक्चर सुरू झालं. "कारण अजून आम्हालाही पूर्ण सापडलेलं नाही. पण 'ओळखलंत का मला?' असं कधीही विचारू नका. आपल्याकडे आलागेला प्रत्येकजण पेशंटची तोंडी परीक्षा घेतो. अरे यार, आपलं नाव आपणच सांगावं. सिंपल!"

मला अगदी पटलं. तेवढ्यात त्याने नागपूरला आईला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर पांढऱ्या केसांचा चेहरा आला आणि आमचे तज्ज्ञ लाडात म्हणाले, "आई, ओळख बरं, मी कोण?"

तिने पडद्याजवळ येऊन बघितलं. मग काळजीने म्हणाली, "अहो, तुम्हाला आठवत नाही का? घरी कुणी आहे ना तुमच्याजवळ?"

"आहे," तो म्हणाला.

नाव सांगायचं तेवढं राहून गेलं.