कोंबडा की कोंबडी

आम्हाला रोज ऑफिसला नेणाऱ्या कारलिफ्टचे ड्रायव्हर चाचा श्रीवर्धनकडचे. दुबईतल्या अल कुसैसच्या आमच्या बिल्डिंगच्या काटेरी कुंपणाला लाल फळं लागतात. वॉचमन त्यांना प्लम म्हणतो, माझी मुलगी ‘डोन्ट टच’ म्हणते. चाचांच्या लेखी ती करवंदं. “काटा तोच, चीक तोच. मग नाव दुसरं कशाला?”

रोज सकाळी एक फळ मुठीत झाकून ते विचारायचे, “बोला ताई, कोंबडा की कोंबडी?” लहानपणी आम्हीही करवंदं फोडून हेच खेळायचो. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. इथलं फळ आतून कायम लालच, म्हणून मी बेधडक कोंबडा म्हणायचे.

“जिंकलात! यल्ला, बसा.”

मी खाली येईपर्यंत व्हिडिओ कॉलवर गावाकडच्या चाचींना विचारून झालेलं असायचं. त्या रोज ठसक्यात “कोंबडी!” म्हणायच्या आणि रोज हरायच्या.

गेल्या महिन्यात चाची गेल्या. चाचा पोचले तोवर दफन झालं होतं.

परत आल्यापासून ते कुंपणाकडे बघेनात. आज मीच एक फळ तोडून मूठ पुढे केली. “चाचा, बोला.”

ते म्हणाले, “कोंबडी.” मग गाडीची काच उगीचच पुसत राहिले. “ती म्हणायची, कोंबडी निघाली की कायमचे घरी या. मी इन्शाल्ला म्हणायचो. इथल्या करवंदात कोंबडी नसतेच, हे तिला कधी सांगितलं नाही, ताई.”

मी मूठ उघडली नाही.